जुनी डिझेल गाडी : घेताना स्वस्त, पोसताना किती?

मे महिना सरत आला की आंबापेट्यांचा हिशोब हाती येतो. काजूबियांचे पैसेही झालेले असतात. पाऊस उंबरठ्यावर असतो आणि नेमक्या याच दिवसांत मालवणच्या बाजारात, कट्ट्याच्या तिठ्यावर, आचऱ्याच्या देवळाबाहेर एक विषय हटकून निघतो. यंदा एक गाडी बघूया. जुनी चालेल, पण डिझेल हवी!

यात चैनीचा भाग थोडा आणि गरजेचा मोठा आहे. संध्याकाळची शेवटची एस. टी. गेली की वाडीवरचा माणूस अडकला. रात्री-अपरात्री कुणाचे दुखणे निघाले तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय किनाऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही. मग कोल्हापूर, बेळगाव किंवा गोव्याहून दोन-अडीच लाखांत दहा-बारा वर्षे चाललेली डिझेल गाडी दारात येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

मी शेती खात्यात गावोगाव फिरणारा माणूस. बागायतदारांना खर्चाची वही ठेवा म्हणून सांगणे हे माझे कामच. २०२१ च्या दिवाळीत मीही अशीच एक गाडी घेतली. तीन वर्षे चालवली आणि २०२४ च्या दिवाळीत विकली. दुसऱ्याला सांगतो तशी वही या वेळी स्वतःही ठेवली. त्या वहीतले आकडे आणि त्यातून मिळालेला धडा वाचकांपुढे ठेवत आहे. गाडी कुठल्या कंपनीची हे सांगत नाही, कारण चुका बहुतेक माझ्याच होत्या.

डिझेलचे वेड आले कुठून?

टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली आणि डिझेलवर चालणारी छोटी मोटार सामान्य माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आली. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. त्यामुळे २०१२ च्या सुमारास दोहोंच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडला होता. त्या काळात लोकांनी डिझेल गाड्या धडाधड घेतल्या, आणि त्या वेळच्या हिशोबाने ते बरोबरही होते.

आज तो फरक दहा-पंधरा रुपयांवर आला आहे. एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. ते पाळणारे छोटे डिझेल इंजिन महाग पडते, म्हणून मारुतीने त्याच वेळी डिझेल मोटारी बंद केल्या आणि इतरांनीही हळूहळू हात आखडता घेतला. म्हणजे आज आपल्याकडे स्वस्तात येते ती छोटी डिझेल गाडी बहुतांशी त्या २०११ ते २०१६ च्या लाटेतली आहे. लाट ओसरली, गाड्या उरल्या. शहरात त्यांचे दिवस भरत आले, म्हणून त्या आपल्या अंगणात येत आहेत. 'डिझेल म्हणजे स्वस्त' ही समजूत मात्र अजून २०१२ सालातच उभी आहे.

माझ्या वहीतला हिशोब

गाडी २०१३ सालची, कोल्हापूर पासिंगची. किंमत २ लाख २५ हजार. तीन वर्षांत माझे फिरणे झाले २४ हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला आठ हजार. सरासरी पडली लिटरला १६ किलोमीटर. डिझेल लागले १,५०० लिटर. सरासरी ९४ रुपये दराने १ लाख ४१ हजार रुपये झाले.

आता दुरुस्ती बघा. पहिलीच मोठी सर्व्हिसिंग, त्यात ऑइल, सगळे फिल्टर, पट्टे, कूलंट आणि नवी बॅटरी : १४,५००. चार टायर : १८,०००. क्लच : १२,०००. टर्बो : २२,०००. चार इंजेक्टर काढून दुरुस्त करणे : १६,५००. तळाचा गंज, वेल्डिंग, सायलेन्सर आणि रंग : ११,०००. ब्रेक : ७,५००. स्टार्टर, अल्टरनेटर, वायरिंग : ८,५००. पुढच्या दोन वर्षांतल्या चार साध्या सर्व्हिसिंग : २०,०००. बेरीज १ लाख ३० हजार. महिन्याला पडले ३,६०० रुपये.

विमा तीन वर्षांचा २६ हजार. नावावर करणे, पीयूसी आणि इतर कागद ७ हजार. विकताना आले १ लाख ३० हजार, म्हणजे किमतीत घट ९५ हजार. एकूण खर्च ३ लाख ९९ हजार. त्याला २४ हजार किलोमीटरने भागा. किलोमीटरला १६ रुपये ६० पैसे! पतपेढीचे व्याज मी यात धरलेलेच नाही.

ही गाडी घेतली तेव्हा मी ऐटीत सर्वांना सांगत होतो, "सहा रुपयांत किलोमीटर जाते." ते खोटे नव्हते. डिझेलचा खर्च किलोमीटरला पावणेसहा-सहा रुपयेच होता. उरलेले साडेदहा-अकरा रुपये मला दिसत नव्हते, एवढेच. खताचा खर्च मोजायचा आणि फवारणी, राखण, काढणी, पेटी, वाहतूक सोडून द्यायची, अशा हिशोबाने प्रत्येक बाग नफ्यातच दिसते.

आता पेट्रोलशी तुलना करू. तेवढीच मोठी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०७ रुपये असे धरले, तर किलोमीटरला ७ रुपये १३ पैसे होतात. डिझेलमुळे वाचले किलोमीटरला सव्वा रुपया. आठ हजार किलोमीटरला वर्षाचे १० हजार. माझा एकटा टर्बो २२ हजारांचा, म्हणजे सव्वादोन वर्षांची बचत त्याने एका फटक्यात खाल्ली. इंजेक्टरांचे अजून निराळेच.

जुलैमधली ती रात्र

पैशांचे एक वेळ सोसता येते. पण विश्वासाने घेतलेली गाडी नेमक्या वेळी दगा देते तेव्हा काय, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या जुलैमध्ये रात्री दोनच्या सुमारास वडिलांना धाप लागली. बाहेर मुसळधार पाऊस. त्यांना उचलून गाडीत बसवले, चावी फिरवली. टक् टक् आवाज, बाकी काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी तर आठ महिन्यांपूर्वीच नवी घातलेली. आई मागच्या सीटवर वडिलांचा हात धरून बसली होती आणि मी पावसात बॉनेट उघडून बॅटरीचा हात मारून पाहत होतो. शेवटी शेजारच्या मासळीच्या टेम्पोने आम्ही मालवण गाठले आणि तिथून ओरोस. वडील वाचले, आज ठणठणीत आहेत. पण तो पाऊण तास आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी कारण दाखवले. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडून आतून कुजली होती. डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला मोठा करंट लागतो. तो त्या पट्टीतून जाईना. खर्च आला ३५० रुपये. पट्टी बदलताना मेस्त्री एवढेच म्हणाले, "सायबानू, गाडी घेतलास ता बरा केलास, पण तिका पोसतलो कोण?"

गाडी घ्यायची ऐपत आणि गाडी पोसायची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

खारी हवा, छोट्या फेऱ्या

घाटावर दहा वर्षे चांगली चाललेली गाडी किनाऱ्यावर दोन वर्षांत का कुरकुरते? पहिले कारण मीठ. वाऱ्याबरोबर येणारी खार तळाला, ब्रेकच्या नळ्यांना, वायरींच्या जोडांना बसते. पावसाळ्यात चार महिने ती ओलीच राहते आणि ओले मीठ लोखंड खाते. त्यात डिकीतून बर्फातल्या मासळीच्या टोपल्या आणल्या, की खारे पाणी मॅटखाली मुरते. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्रा चाळणी, असे होते ते यामुळे.

दुसरे कारण छोट्या फेऱ्या. डिझेल इंजिन तापायला वेळ घेते. घर ते बंदर तीन किलोमीटर, बंदर ते बाजार दोन. इंजिन नीट तापण्याआधीच बंद. मग काजळी साचते. ती ईजीआर व्हॉल्वमध्ये बसते, टर्बोच्या पात्यांत बसते. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी वेगाने सलग चालली की ती जाळी तापून स्वतःच काजळी जाळून टाकते. छोट्या फेऱ्यांत तिला ती संधीच मिळत नाही. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा पेटल्यावरही दुर्लक्ष केले तर बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या मालकाला परवडणारा नसतो. या गाड्या आता पाच वर्षांच्या होऊन जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तिसरे कारण उभी गाडी. मुंबईचे चाकरमानी आपली जुनी गाडी गावाला आणून ठेवतात. गणपतीला चालवली की ती पुढे शिमग्यालाच बाहेर निघते. मधल्या काळात बॅटरी उतरते, टाकीत दमटपणाने पाणी धरते, ब्रेक चिकटतात आणि वायरी उंदीर कुरतडतात. उभी गाडी झिजत नाही हा मोठा गैरसमज आहे.

चौथे कारण आपण स्वतः. माझेच सांगतो. आंब्याच्या हंगामाच्या धावपळीत ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर केला. टर्बोला जीव असतो तो ऑइलवर. आणि एकदा पंपावर जायचा कंटाळा केला व बागेतल्या इंजिनासाठी कॅनमध्ये ठेवलेले डिझेल गाडीत ओतले. त्यात पाणी होते. बागेतले जुने इंजिन असले डिझेल पचवते, पण गाडीतल्या आजच्या इंजेक्टरची भोके केसाइतकी बारीक. बसला साडेसोळा हजारांचा दंड!

कोणाला परवडते?

तेव्हा जुनी डिझेल गाडी घेऊच नये का? तसे नाही. आचऱ्याकडचे एक बागायतदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडेही माझ्या गाडीच्याच वयाची डिझेल गाडी आहे. कणकवली, देवगड, कोल्हापूर असे त्यांचे फिरणे वर्षाला वीस हजार किलोमीटर. त्यांचे डिझेलवर वर्षाला २५ हजार रुपये वाचतात. सलग लांब चालल्याने इंजिन मोकळे राहते. ऑइल ते वेळेआधी बदलतात. ते म्हणतात, "माका ती परवाडता, कारण ती दारात उभीच रवणा नाय."

उलट देवबागच्या बाजूचे एक मच्छीमार. रोजचे जाणे-येणे पाच-सात किलोमीटर, कधीमधी कुडाळ. त्यांनीही डिझेलच घेतली, कारण शेजाऱ्याने घेतली होती. दोन वर्षांत दोनदा ईजीआर साफ केला, एकदा क्लच. आता गाडी ताडपत्रीखाली आहे.

म्हणून माझे साधे माप असे. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर आणि तेही सलग लांबचे फिरणे असेल, तर जुन्या डिझेलचा विचार करावा. आठ-दहा हजार असेल तर जुनी पेट्रोल गाडी बरी. आणि दोन-तीन हजारच असेल तर आधी भाड्याच्या गाडीचा हिशोब मांडावा. माझी गाडी अंगणात नुसती उभी राहिली असती, तरी विमा आणि किमतीतली घट मिळून वर्षाला ४० हजार गेलेच असते. तेवढ्यात भाड्याची गाडी किती वेळा दाराशी येईल ते ज्याने त्याने मोजावे. अडीअडचणीला हाकेवर येणारे दोन गाडीवाले आधीच बोलून ठेवणे, हीसुद्धा एक तरतूदच आहे.

घेताना दात बघा

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडी घेताना मात्र रंग बघून विसार देतो. निदान एवढे करा.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर विचारा, का? काळा धूर सतत येत असेल तर डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करा, आतून वाफेचा जोरदार झोत येत असेल तर नमस्कार करून परत या.

गाडी रॅम्पवर चढवून तळ बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोका, आवाज बदलला की समजा आत कुजले आहे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. पेडलचे रबर झिजले, स्टिअरिंग गुळगुळीत झाले आणि काटा दाखवतो साठ हजार, हे जुळत नाही. सर्व्हिसिंगचे जुने कागद मागा.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ आणि २०२१ मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये महापूर आला होता, हे लक्षात ठेवा. शेवटी आपला मेस्त्री सोबत न्या. त्याची एक दिवसाची मजुरी ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती होय.

आणि किमतीच्या चौथा हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. दोन लाख हातात असतील तर दीड-एक लाख साठ हजारांचीच गाडी बघा. हातातले सगळे पैसे गाडीत घातले, की पहिलाच क्लच कर्जाने घालावा लागतो.

कागद कच्चे नकोत

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ ची गाडी २०२८ पर्यंत. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढवता येते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार करण्यात आली. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, हे वेगळे सांगायला नको.

गोवा पासिंगची गाडी बघून अनेकांना मोह होतो. पण ती बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिथली ना हरकत आणून ओरोसच्या कार्यालयात एमएच ०७ चा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो कर आणि धावपळ किमतीत मिळवा, मग स्वस्त की महाग ते ठरवा. बँकेचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने बाकी आहेत का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून आधी बघावे. आणि नावावर करण्याचे काम "करूया मागाहून" म्हणून टाळू नये. अपघात झाला तर तोच कागद आधी विचारला जातो.

घेतलीच असेल तर

पावसाळ्यात दर पंधरवड्याला तळ गोड्या पाण्याने धुवा. बॅटरीची टोके आणि अर्थिंगची पट्टी मेअखेर साफ करून ग्रीस लावा. वर्षातून एकदा तळाला गंजरोधक थर द्या. मासळी आणायची तर खाली घट्ट प्लास्टिकची पेटी ठेवा. डिझेल पंपावरूनच भरा, डिझेल फिल्टरमधले पाणी वेळोवेळी काढा. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नका, मिनिटभर सुटू द्या. रोजच्या फेऱ्या छोट्या असतील तर आठवड्यातून एकदा कसालपर्यंत सलग चालवून आणा. ऑइल तारखेला बदला, हंगाम असो वा नसो. आणि डॅशबोर्डवर दिवा लागला तर त्यावर स्टिकर चिकटवू नका, असे करणारेही मी पाहिले आहेत!

या सगळ्याच्या आधी मात्र एक दोनशे पानी वही घ्या. गेल्या वर्षभरात आपण कुठे कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, ते आठवून पहिल्या पानावर लिहा. ते पान घरातल्या माणसांना वाचून दाखवा. तो आकडाच तुम्हाला सांगेल, डिझेल की पेट्रोल, की भाड्याची बरी. माझे हे पान मी गाडी घेतल्यावर तीन वर्षांनी लिहिले. तुम्ही ते विसार देण्यापूर्वी लिहा आणि मेस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच पानावर खाली लिहून ठेवा. घेतलास ता बरा केलास, पण तिका पोसतलो कोण?